मानवी हक्कांच्या जाहिराती दिशाभूल करू शकतात का? ऊसतोडीच्या कामातून आलेले एक उत्तर

लातूरच्या एका शिक्षिकेने हा प्रश्न विचारला आहे. त्यांच्या वर्गातल्या मुलांनी मोबाइलवर एक मिनिटाची चित्रफीत पाहिली. उसाच्या फडात दहा-बारा वर्षांची मुलगी कोयता घेऊन उभी आहे, तळहातातून रक्त ओघळते आहे, आणि पडद्यावर अक्षरे येतात की मराठवाड्यातल्या दर दुसऱ्या मुलीचे बालपण असेच संपते. शेवटी दरमहा देणगीचे आवाहन आहे. दोन दिवसांनी मुलांना कळले की ती मुलगी अभिनय करणारी होती आणि रक्त रंगाचे होते. वर्गातल्या एकाने विचारले, "म्हणजे मॅडम, हे सगळं खोटंच असतं का?" बाईंना जाणून घ्यायचे आहे की मानवी हक्कांच्या जाहिरात-मोहिमा लोकांची दिशाभूल करू शकतात का, आणि करत असतील तर मुलांच्या मनातली कणव न मारता त्यांना हे कसे समजावून सांगावे.

मी बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत ऊसतोड कामगारांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेत बावीस वर्षे आहे. त्यांतली चौदा वर्षे पोस्टर, पथनाट्ये, भिंतीवरच्या घोषणा आणि अलीकडे छोट्या चित्रफिती तयार करण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. अशा मोहिमा दिशाभूल करू शकतात, पुष्कळदा करतात, आणि माझ्या हातूनही ती झालेली आहे. मात्र ती कशात असते हे नीट पाहिले नाही, तर आपण नको त्या गोष्टीवर रागावतो आणि खरी चूक नजरेतून सुटते.

मुलांनी बोट ठेवले ते अभिनयावर. मला स्वतःला त्यात फसवणूक वाटत नाही. अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करायला कायद्याचीच मनाई आहे. लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ आणि एकूण पीडित बालकांच्या बाबतीत २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ ही मनाई घालते. कायदा नसता तरी ज्या मुलीला उद्या त्याच गावात राहायचे आहे तिचा चेहरा चौकात लावणे योग्य झाले नसते. म्हणून अशा चित्रफितीत अभिनेत्री घेणे हे अनेकदा जबाबदारीचे लक्षण असते. चूक आहे ती "दृश्य नाट्यरूपात दाखवले आहे" ही एक ओळ न लिहिण्याची. ती ओळ असती तर तुमच्या वर्गातला तो प्रश्न कदाचित निघालाच नसता. अलीकडे यंत्राने बनवलेल्या चित्रांचा मार्ग सोपा झाला आहे, पण तोही निर्धोक नाही. २०२३ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संस्थेने कोलंबियातल्या २०२१ च्या आंदोलनांवरील मजकुरासोबत कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली चित्रे वापरली, टीका झाली आणि ती काढून घ्यावी लागली. आंदोलकांची ओळख लपवण्याचा हेतू चांगला होता, परंतु घडलेल्या घटनेचे न घडलेले छायाचित्र दाखवले की घडलेल्या घटनेवरचाही विश्वास उडू लागतो.

सपशेल खोटे बोलण्याची उदाहरणेही आहेत. इराकने कुवेत बळकावल्यानंतर, १० ऑक्टोबर १९९० रोजी, अमेरिकी काँग्रेसच्या मानवी हक्कविषयक गटापुढे नायिरा नावाच्या पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने सांगितले की इराकी सैनिकांनी रुग्णालयात शिरून काचेच्या पेट्यांतली तान्ही बाळे बाहेर काढून मरायला टाकली, आणि ते तिने पाहिले. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ही गोष्ट पुनःपुन्हा सांगितली. ॲम्नेस्टीसारख्या संस्थेनेही ३१२ बाळांचा आकडा आपल्या अहवालात घेतला आणि पुढे तो मागे घेतला. १९९२ च्या जानेवारीत उघड झाले की ती मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूतांची कन्या होती, आणि तिची साक्ष हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीने कुवेतच्या बाजूने चालवलेल्या मोहिमेचा भाग होती. इराकी फौजांनी कुवेतमध्ये खून, छळ आणि लूट खरोखर केली होती. तरीही आज त्या व्याप्त कुवेतचे नाव काढले की पुष्कळांना आधी आठवते ती न घडलेली गोष्ट. खरोखर छळ सोसलेल्यांचे यात जे नुकसान झाले ते मला सर्वांत गंभीर वाटते.

पण इतका उघड खोटेपणा क्वचित सापडतो. आमच्या क्षेत्रात नेहमी घडते ते निराळे असते. चित्र खरे, वाक्य खरे, आणि ती दोन्ही अशी जोडलेली की पाहणाऱ्याच्या मनात चुकीची समजूत घर करते. माझीच चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या तळावर छायाचित्रे काढत होतो. कोपीसमोर, म्हणजे कामगारांच्या झोपडीसमोर, नऊ-दहा वर्षांची मुलगी कडेवर धाकट्या भावाला घेऊन उभी होती, मागे उसाने भरलेली टायरगाडी, बाजूला बैलांसाठी टाकलेले वाढे. फोटो सुरेख आला. मी मुकादमाला, म्हणजे कामगारांची टोळी आणणाऱ्या ठेकेदाराला, विचारले, तो हो म्हणाला. मुलीच्या आईला विचारायचे माझ्या मनात आले नाही. त्या फोटोखाली आम्ही ओळ टाकली, "हिची शाळा उसाच्या फडात सुटली." काही शे पोस्टर छापली आणि बसस्थानके, पंचायत समित्या, आठवडी बाजार असे सगळीकडे लावली. एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, कामगार गावी परतले, आणि एके सकाळी त्या मुलीचे वडील हातात घडी घातलेले पोस्टर घेऊन कार्यालयात आले. ते म्हणाले, "सर, पोरगी म्या हंगामी वस्तीगृहात ठिवली व्हती. संक्रांतीला चार दिस आली व्हती आईकडं. आता गावातली लोकं म्हणत्यात, ह्यानं पोरीची साळा तोडली." मी त्यांना समजावू लागलो की अशा शेकडो मुलींची शाळा खरोखर सुटते, त्यांच्यासाठीच हे काम आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग त्यायचा फोटो काढायचा व्हता."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मुलींची शाळा सुटते हे खरे होते, फोटोही खरा होता. खोटी होती ती दोन्हींना जोडणारी 'हिची' ही दोन अक्षरे. ज्या बापाने उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फेडण्याच्या ओझ्याखालीही मुलीला मागे शिकायला ठेवले होते, त्यालाच आम्ही गुन्हेगार म्हणून उभे केले. पोस्टर काढायला आम्ही माणसे पाठवली, तरी एका बसस्थानकावरचे दोन वर्षे तसेच राहिले. तिथून जाताना मला ते दर वेळी दिसे.

आता आकड्यांकडे येतो, कारण जाहिरातीतला आकडा लोक चित्रापेक्षाही निमूट स्वीकारतात. तुमच्या चित्रफितीतली "दर दुसरी मुलगी" कुठून आली असावी याचा मला अंदाज आहे. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांना त्यांचे लग्न कोणत्या वयात झाले हे विचारले गेले. अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के निघाले आणि परभणी जिल्ह्यात ४८ टक्के. हा आकडा भयंकर आहे आणि त्यावर मोहीम व्हायलाच हवी. परंतु तो एका जिल्ह्याचा आहे, बालविवाहाचा आहे, आणि त्या स्त्रियांची लग्ने पाहणीच्या काही वर्षे आधी झालेली आहेत. एका जिल्ह्याचा मराठवाडा झाला, बालविवाहाची कोयता धरून फडात उभी राहिलेली मुलगी झाली, आणि मागच्या काळाचा आज झाला. अशा तीन पायऱ्या प्रत्येकी लहान वाटतात. मजकूर लिहिणारा बहुधा कोणत्याच पायरीवर आपण खोटे बोलतो आहोत असे मानत नाही.

याहून बोलके उदाहरण आमच्या बीडचेच आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर आणि देशाबाहेर गेली. त्या काळात तीन आकडे फिरत होते. पहिला ३६ टक्क्यांचा, जो आधीच्या वर्षी सुमारे दोनशे महिलांच्या पाहणीतून आला होता. दुसरा ४,६०५ चा, जो तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितला. जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत झालेल्या शस्त्रक्रियांचा तो आकडा होता आणि त्यात सगळ्याच बायका होत्या, केवळ ऊसतोड करणाऱ्या नव्हत्या. तिसरा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीचा: ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे साधारण १७ टक्के. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण आधीच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ३ टक्क्यांच्या आसपास होते. वयोगट नीट न जुळवता या दोन टक्केवाऱ्या शेजारी ठेवणेही काटेकोर नाही, तरी फरक इतका मोठा आहे की अन्याय झाकला जात नाही.

त्या दिवसांत बाहेरच्या एका संस्थेची माणसे आमच्याकडे आली होती. त्यांना मोहिमेसाठी ३६ हाच आकडा हवा होता, कारण तो सर्वांत मोठा होता, आणि त्यासोबत "गर्भाशय नसलेल्या बायकांचे गाव" असे शीर्षक. मी विरोध केला, बराच वाद झाला. माझे म्हणणे इतकेच होते की दोनशे बायकांचा आकडा दोनशेंचा म्हणूनच सांगा. पुढे झाले असे की जिल्ह्यातल्या एका बैठकीत एका डॉक्टरांनी तोच ३६ टक्क्यांचा मजकूर टेबलावर टाकला आणि म्हणाले की हे सगळे प्रकरण संस्थांनी फुगवलेले आहे. सतरा टक्के हाही लाजिरवाणा आकडा आहे हे सांगायला उरलेली बैठक गेली. आपण फुगवलेला प्रत्येक आकडा आपल्याच माणसांविरुद्ध वापरला जातो, हे मी त्या टेबलावर पाहिले.

तरीही आकड्यांपेक्षा मोठी दिशाभूल माझ्या मते कारण आणि उपाय दाखवताना होते, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. त्याच प्रश्नावर निघालेली बहुतेक पोस्टर मी पाहिली. त्यांत डोक्यावर पदर घेतलेली, खाली मान घातलेली बाई असे, आणि मजकूर असे की "अज्ञानापोटी गर्भाशय गमावू नका", "जागरूक व्हा". पाहणाऱ्याची समजूत काय होणार? की या बायका अडाणी आहेत, त्यांना कोणीतरी समजावले की प्रश्न मिटेल. आता प्रत्यक्ष पाहा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि त्या कोयत्यावर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एखाद्या दिवशी बाई कामावर गेली नाही तर खाडा पडतो. पाचशे रुपये, कुठे त्याहून अधिक, त्या उचलीत वाढतात. तळावर संडास नाही, पाण्याची सोय नाही, पहाटे चारला फड गाठायचा, दिवसभर वाकून तोडायचे आणि डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरायची. पाळीत पोट दुखते, अंगावरून जाते, आणि गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात सांगितले जाते की पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. पंचविशी-तिशीतली बाई जेव्हा "पिशवी काढली की कटकट मिटली" म्हणते, तेव्हा तिने आपला हिशेब पुरता केलेला असतो. तिच्यापुढे ठेवलेल्या वाटाच तेवढ्या असतात.

"जागरूक व्हा" या पोस्टरमध्ये मुकादम नाही, खाडा नाही, कारखाना नाही, दवाखाना नाही. त्यातला एकही शब्द खोटा नाही, आणि तरी मी पाहिलेली ती सर्वांत दिशाभूल करणारी जाहिरात आहे, कारण जिच्यावर अन्याय झाला तिलाच तिने जबाबदार ठरवले. त्या वर्षी बीडमध्ये उपयोगी पडले ते वेगळेच पाऊल: खासगी रुग्णालयाने गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा प्रशासनाने घातलेला नियम. तो नियम दवाखान्यांसाठी होता, बायकांच्या जागृतीसाठी नव्हता.

जगातल्या गाजलेल्या मोहिमांतही हीच त्रुटी दिसते. ५ मार्च २०१२ रोजी अमेरिकेतल्या इन्व्हिजिबल चिल्ड्रन या संस्थेने 'कोनी २०१२' ही अर्ध्या तासाची चित्रफीत इंटरनेटवर टाकली आणि आठवड्याभरात ती दहा कोटी वेळा पाहिली गेली. मुलांना पळवून सैनिक बनवणारा जोसेफ कोनी हा खराच गुन्हेगार होता. पण पाहणाऱ्यांच्या मनात उरले ते असे की युगांडात आज हे चालू आहे आणि हातात कडे घालून, पोस्टर लावून ते थांबवता येईल. कोनीची टोळी तोवर युगांडातून बाहेर जाऊन सहा वर्षे होत आली होती आणि तिचे बळही पुष्कळ घटले होते. उत्तर युगांडातल्या लिरा गावात ती चित्रफीत मैदानावर दाखवली गेली, तेव्हा ज्यांच्या घरची मुले पळवली गेली होती तेच लोक चिडले, दगडफेक झाली आणि पुढची प्रदर्शने थांबवावी लागली. जगाला जे पाहून रडू आले, ते पाहून ज्यांच्यावर बेतले होते त्यांना अपमान वाटला. आमच्या कार्यालयात पोस्टर घेऊन आलेले ते वडील आणि लिराच्या मैदानावरचे लोक यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, हेही मान्य करायला हवे. एस.टी.च्या मागे लावलेल्या फलकावर सहा शब्द मावतात, त्यात उचल आणि खाडा समजावता येत नाही. संक्षेप केला म्हणजे फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. "ऊसतोडीच्या तळावर संडास हवा" हे चार शब्दही पुरेसे प्रामाणिक आहेत. वाचणाऱ्याने पुढे माहिती काढली तर त्याची समजूत अधिक खोल होईल की उलटी फिरेल, हे मी पाहतो. खोल होणार असेल तर तो संक्षेप, उलटी फिरणार असेल तर ती दिशाभूल. हेतूवरही काही अवलंबून असते. देणगी मागणाऱ्या जाहिरातीला दाता हळवा व्हावा असे वाटत असते, म्हणून तिथे एकटे मूल आणि भरलेले डोळे येतात. कायद्याची माहिती देणाऱ्या फलकाला ती गरज नसते. देणगीच्या जाहिराती मी अधिक बारकाईने पाहतो, आणि त्यात पैसे नक्की कशावर खर्च होणार हे लिहिले आहे का ते आधी शोधतो.

सरकार किंवा कायदा हे तपासून देईल अशी फार अपेक्षा ठेवता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, पण ती वस्तू आणि सेवा यांच्याभोवती फिरते. एखाद्या समाजाविषयी चुकीची समजूत पसरवणारी कणवेची जाहिरात तिच्यात सहज बसत नाही. म्हणून पारख पाहणाऱ्यालाच करावी लागते.

आणखी एक सांगणे मला फार आवश्यक वाटते. मानवी हक्कांची मोहीम दिशाभूल करते असे सर्वांत मोठ्या आवाजात म्हणणारे बहुधा तेच असतात ज्यांचे त्या मोहिमेमुळे नुकसान होणार असते. मराठवाड्यात हक्कांची भाषा गावोगाव पोचली ती गायरान जमिनींच्या लढ्यातून, दलित हक्कांचे कार्यकर्ते एकनाथ आवाड यांच्यासारख्यांच्या चळवळीतून, आणि तेव्हाही गावोगाव ऐकू येत असे की बाहेरचे लोक येऊन आमच्या गावाची बदनामी करतात. म्हणून मोहिमेवर शंका घेताना त्या शंकेमागे कोण उभे आहे हेही मुलांनी विचारावे. एका पोस्टरमध्ये चूक सापडली म्हणून अन्याय खोटा ठरत नाही.

आता तुमच्या वर्गाविषयी. जळकोट, रेणापूर, अहमदपूर भागातून आलेल्या मुलांपैकी काहींचे आईवडील दिवाळीनंतर कारखान्यावर जात असतील. ती चित्रफीत वर्गात पुन्हा लावा, पण त्या मुलांकडे बोट करून त्यांना उभे मात्र करू नका. सगळ्या वर्गालाच विचारा की या एका मिनिटात कोण दिसले नाही. ज्यांनी फड पाहिला आहे ती मुले आपणहून बोलतील: मुकादम कुठे आहे, आई कुठे आहे, मुलीने कोयता धरला तर मोळ्या कोण बांधत होते. मग "दर दुसरी" म्हणजे कोणत्या किती मुलींपैकी, त्या कुठल्या जिल्ह्यातल्या, कधी मोजल्या, हे विचारा. आणि शेवटी, त्या मुलीचे भले होण्यासाठी चित्रफीत कोणाला काय करायला सांगते ते पाहायला लावा. तिथे नुसती देणगी असेल आणि कारखाना, मुकादम किंवा सरकार यांच्यापैकी कोणाकडूनही काहीच मागितलेले नसेल, तर ते वहीत लिहून ठेवायला सांगा. संस्थेला पत्रही लिहा. आम्हाला अशी पत्रे फार कमी येतात, आणि आलेले प्रत्येक पत्र वाचले जाते.

त्या वडिलांच्या प्रसंगानंतर आम्ही एक रीत पाळतो. कोणतेही पोस्टर छापण्याआधी त्याची कच्ची प्रत तळावर नेतो आणि कोप्यांसमोर बायकांना दाखवतो. वेळ जातो, छपाई लांबते, कधी देणगीदार नाराज होतात. गेल्या हंगामात अशाच एका कच्च्या प्रतीवर बाईचे चित्र होते आणि खाली तिच्या आरोग्याच्या हक्कांविषयी चार ओळी. एका वयस्क बाईने ती हातात धरून बराच वेळ पाहिली आणि विचारले, "हिच्या हातात वही कामून नाही?" मला आधी कळले नाही. ती म्हणाली, "खाड्याची वही. मुकादमापशी अस्ती ती. आमाला दाखवीत न्हाई कवा." नव्या पोस्टरवर आता बाईच्या हातात ती वही आहे, उघडी, आणि खाली एवढेच लिहिले आहे: "माझ्या नावावर किती खाडे लावले, मला वाचून दाखवा."